बत्तिशी

स्वयंपाकघरामागचा पत्रा गंजला.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
पत्रा म्हणजेच भिंत.
आधी बटणाएवढं भोक, मग बशीएवढं,
मग समुद्रावरचा वारा थेट घेवड्याच्या पातेल्यात.
घरमालक म्हणाला, बघू.
त्याचं हे 'बघू' मी सात हिवाळे बघते आहे.

शेजारचा नेल्सन म्हणाला, ग्राइंडर आणतो मावशी,
मिनिटात कापून देतो.
आणि ठिणग्या?
बाहेरून पत्रा, पण आतून हे घर लाकडाचं आहे, पोरा.
वरची गल्ली जळाली त्या रात्री
शिलाई मशीन पाठीवर घेऊन
मी दोनशे बारा पायऱ्या उतरले होते.
पत्र्याची कात्री तर प्रत्येक लाटेवर अडखळते,
उंदरानं कुरतडल्यासारखी कडा सोडते.
अशी कड मी गिऱ्हाइकाला कधी दिली नाही,
भिंतीला का द्यावी?

म्हणून रविवारी आवेनिदा अर्जेंटिनाच्या जुन्या बाजारात.
बाहुल्यांची मुंडकी, नळाच्या तोट्या,
एकेकट्या बुटांची रांग,
आणि ताडपत्रीवर दोन करवती.
एक लाल मुठीची, कोरी, सात हजार पेसो.
दुसरीची चौकट जुनी,
मूठ कुणाच्या तरी घामानं काळी.

काय कापायचंय, दोन एलेउतेरिओनं विचारलं.
पत्रा.
जाडी?
मी चिमूट धरून दाखवली:
जीन्सच्या दोन पदरांहून पातळ,
कॉलरमधल्या कॅनव्हासएवढी समजा.
हसला नाही. लाल करवत उलटी करून म्हणाला,
हिच्या पात्याला इंचात अठरा दात.
जाड सळईला ठीक.
पातळ पत्रा दोन दातांच्या मधेच अडकतो,
मग दात तरी तुटतो, नाहीतर मनगट तरी.
तुम्हाला हवी बत्तीसवाली.

म्हणजे मलमलीला गोणपाटाचा टाका चालत नाही, मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघतच राहिला.
पोरांना हे सांगता सांगता, म्हणाला, माझी बत्तिशी गेली.
आणि खरंच, समोर तीनच होते.

मग त्यानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या, फुकट.
पत्रा दोन फळ्यांच्या मधे दाबून धरा,
फळीसकट कापा.
आणि पातं उभं नको, निजवून चालवा,
तिरक्या चालीत जास्त दात पत्र्यावर टेकतात.
घाई नको.
दात मुठीपासून लांब बघणारे बसवा,
काम पुढे जाताना होतं, मागे येताना फक्त यायचं.

जुनी चौकट आणि बत्तीसची दोन पाती: चार हजार.
माझ्याकडे तीन होते, वर लिफ्टचं भाडं.
त्याच्या कोटाचं कोपर फाटलेलं होतं.
मी कोपराकडे बघितलं,
त्यानं मी बघितलेलं बघितलं,
आणि काही न बोलता कोट काढून दिला.
ऑक्टोबरचा वारा होता. स्वेटरवर बसून राहिला बिचारा.

घरी पात्याला मेणबत्ती चोळली,
दोऱ्याला चोळते तशीच.
फळ्या, शिकंजा नाही म्हणून माझा गुडघा,
आणि टाकीवर पडलेला जुना पिवळा पत्रा.
पहिला अर्धा तास नुसती कुरकुर,
मग हाताला टाका सापडला.
नेल्सन दारात उभा राहून घड्याळ बघत होता,
नंतर बघेनासा झाला.
सगळं मिळून एक दुपार, एक पातं,
अंगठ्याला एक ओरखडा.
निळ्या घराला पिवळं ठिगळ, खिळे आतून दिसतात.
घेवडा आता शिजतो.

रात्री कोट उसवायला घेतला.
अस्तराखाली आधीचं एक ठिगळ निघालं,
करड्या कापडावर तपकिरी दोरा, रंग अजिबात न जुळणारा,
पण टाके असे की मी चष्मा पुसून मोजले.
इंचाला चौदा.
विचारायला हवं होतं कुणाचे,
पण असलं काही बाजारात उभ्यानं विचारता येत नाही.
ते तसेच ठेवले.
माझं कापड वरून लावलं, जरा मोठं घेऊन,
म्हणजे खालच्या टाक्यांवर ताण येणार नाही.